पुन्हा पेल एल : मोठ्या खंडानंतर घरी बिअर करताना नेमकं कुठे चुकतं

चार-पाच वर्षांच्या खंडानंतर परत घरी बिअर करायला घेतली की पहिली बॅच बहुतेकदा एकाच तऱ्हेने फसते. उकळीचा दिवस मजेत जातो, हात सवयीने चालतात, एअरलॉक (आतला वायू सोडणारी, बाहेरची हवा अडवणारी झडप) टुकटुक वाजतो. महिन्याभराने बाटली उघडली की हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास गायब, रंग तांबूस-मातकट आणि जिभेवर ओल्या पुठ्ठ्याची चव. मग दोष रेसिपीला दिला जातो आणि पुढच्या वेळी हॉप्स दुप्पट पडतात. बिअर तशीच येते, फक्त महागात पडते.

बिघाड होतो तो दोन टोकांना. एक टोक उकळीच्या आधीचं, म्हणजे जुनं सामान. दुसरं आंबवण संपतानाचं, म्हणजे बिअरमध्ये शिरणारी हवा. मधला उकळीचा दिवस बराच समजूतदार असतो, तिथल्या छोट्या चुका तो पोटात घालतो. म्हणून या लेखात दोन्ही टोकांवर जास्त वेळ घालवला आहे. स्टाउटमध्ये, म्हणजे काळ्या बिअरमध्ये, भाजक्या माल्टखाली (मोड आणून वाळवलेल्या धान्याखाली) खूप काही झाकलं जातं, पेल एलमध्ये, म्हणजे हॉप्सचा वास पुढे असणाऱ्या फिक्या बिअरमध्ये, झाकायला काहीच नसतं.

सुरुवात करण्याआधी आपण राहतो तिथल्या कायद्यात घरी बिअर करायला मुभा आहे का, हे एकदा पाहून घ्या. पुढचे सगळे आकडे फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या डब्यात) २० लिटर वर्ट (माल्टचं न आंबलेलं गोड पाणी) जाईल अशा बॅचचे आहेत.

## टप्पा १ : जुनं सामान तपासा, भीड न ठेवता टाका

उकळीच्या किमान एक आठवडा आधी सगळं सामान बाहेर काढा. आदल्या रात्री काढलं तर बिघडलेली वस्तूही "या वेळी चालवून घेऊ" म्हणत वापरली जाते.

नळ्या आणि नळ. सायफनची नळी, बाटली भरायची नळी, फर्मेंटरचा नळ, रबरी वॉशर हे सगळं सरळ नवीन घ्या. नळीच्या आत वाळलेला थर बाहेरून दिसत नाही आणि घासताही येत नाही. नळ ठेवायचाच असेल तर त्याचे भाग सुटे करून बघा. मी एकदा "स्वच्छ" नळ उघडला तेव्हा आत काळपट चिकट कडं होतं. त्याआधीच्या तीन बॅच आंबट का झाल्या, ते त्या दिवशी कळलं.

प्लास्टिकचा फर्मेंटर. आतल्या बाजूने नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो डबा धान्य भरायला ठेवा. ओरखडे नसतील तर गरम पाणी भरून झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी वास घ्या. जुन्या बिअरचा हलका वास चालेल. आंबट, कुबट किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर डबा बाद.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायचं काचेचं उपकरण. आतली कागदी पट्टी वर्षानुवर्षांत सरकू शकते. उपकरणावर लिहिलेल्या तापमानाच्या साध्या पाण्यात (बहुतेकांवर २० अंश सेल्सिअस असतं, काहींवर १५.५) तो १.००० दाखवायला हवा. १.००३ दाखवत असेल तर फेकायची गरज नाही. तो फरक वहीत लिहा आणि प्रत्येक वेळी वजा करा.

थर्मामीटर. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात १०० दाखवेल, पण दर ३०० मीटर उंचीमागे साधारण एक अंश कमी धरा. पुढे मॅशमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवताना, दोन-तीन अंशांचा फरकही बिअरचा पोत बदलतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

उरलेला कच्चा माल. इथे मन घट्ट करावं लागतं. दळलेलं माल्ट काही महिन्यांतच शिळं होतं. अख्खं माल्ट कोरड्या बंद डब्यात वर्षभर टिकतं, पण दाणा चावून कुरकुरीत लागला तरच वापरा, मऊ लागला तर नाही. हॉप्सचं पाकीट उघडून नाकाशी धरा. चीज किंवा घामट मोज्यांचा वास आला तर टाकून द्या. कडूपणासाठी तरी वापरू म्हणाल तर आल्फा आम्लंही (ज्यांच्यातून कडूपणा येतो ती) घटलेली असतात, आणि किती घटली हे मोजायला घरी साधन नसतं. मुदत संपलेलं यीस्ट वापरू नका. पाकीट फ्रिजबाहेर राहिलं असेल तर मुदत शिल्लक असली तरी त्यावर विसंबू नका.

*तपासा :* या टप्प्याअखेरीस तुमच्याकडे नव्या नळ्या, फरक माहीत असलेली दोन मापं आणि ताजा कच्चा माल असायला हवा. यातलं एक जरी नसेल तर उकळीचा दिवस पुढे ढकला.

## टप्पा २ : रेसिपी साधी ठेवा

जुन्या वहीतली रेसिपी जशीच्या तशी घेऊ नका. एके काळी पेल एलमध्ये अर्धा-पाऊण किलो क्रिस्टल माल्ट सर्रास पडायचं. त्याने बिअर जड आणि गोडसर होते आणि शिळी झाली की तो गोडवा मनुक्यांच्या चवीकडे झुकतो. ५ टक्के पुरे.

- पेल माल्ट ४.५ किलो
- फिकं क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम
- गव्हाचं माल्ट २५० ग्रॅम, फेस टिकण्यासाठी
- मॅग्नम हॉप्स, १२ टक्के आल्फा, १५ ग्रॅम, ६० मिनिटं
- कॅस्केड हॉप्स, ६ टक्के आल्फा, ३० ग्रॅम, शेवटची १० मिनिटं
- कॅस्केड ४० ग्रॅम, आच बंद केल्यावर ८० अंशांना २० मिनिटं
- कॅस्केड किंवा सेंटेनियल ५० ग्रॅम, ड्राय हॉप (न उकळता, आंबवण संपत आल्यावर टाकायचे)
- स्वच्छ चवीचं अमेरिकन एल यीस्ट, कोरडं, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट (यूएस-०५ किंवा त्याच जातीचं)

यातून सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५० च्या आसपास, शेवटची १.०१० ते १.०१२, मद्यांश ५ टक्क्यांच्या थोडा वर आणि कडूपणा ३० आयबीयूच्या आसपास येतो. तुमच्या हॉप्सच्या पाकिटावर आल्फाचा आकडा वेगळा असेल तर साठ मिनिटांच्या हॉप्सचं वजन त्या प्रमाणात बदला. १२ ऐवजी १० टक्के असेल तर १५ ऐवजी १८ ग्रॅम. उशिरा पडणाऱ्या हॉप्सचं वजन तसंच ठेवा, ते वासासाठी आहेत.

पहिल्याच खेपेला मॅशचा घाट नको असेल तर पेल आणि गव्हाच्या माल्टऐवजी २.७५ किलो फिकं कोरडं माल्ट एक्सट्रॅक्ट घ्या. क्रिस्टल माल्ट पिशवीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि टप्पा ३ व ४ करून, फक्त टप्पा ५ वगळून टप्पा ६ वर या. यात कमीपणा काहीच नाही. बाटलीत चुकणाऱ्या माणसाला मॅशमधली कसरत वाचवत नाही.

## टप्पा ३ : पाण्यातलं क्लोरिन काढा

नळाच्या पाण्यात क्लोरिन किंवा क्लोरामिन असतं. यीस्टशी आणि माल्टशी त्याची गाठ पडली की चिकटपट्टीसारखा, दवाखान्यातल्यासारखा वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही. नुसतं क्लोरिन उकळून उडतं, क्लोरामिन इतक्या सहज उडत नाही. म्हणून अंदाज बांधत न बसता पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरा. कॅम्पडेनची (याच रसायनाची) अर्धी गोळी चुरून ३० लिटर पाण्यात ढवळली की काही मिनिटांत काम होतं.

आरओचं पाणी घेत असाल तर क्लोरिनची चिंता नाही, पण त्यात क्षारही नसतात. २९ लिटरला ५ ग्रॅम जिप्सम घाला. त्याने सल्फेट सुमारे १०० पीपीएम आणि कॅल्शियम ४० पीपीएमच्या आसपास जातं. सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि टोकदार लागतो. नळाच्या पाण्याचा अहवाल हाताशी नसेल तर त्यात आंधळेपणाने जिप्सम टाकू नका.

## टप्पा ४ : धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

ही दोन कामं एकाच झटक्यात उरकायची सवय फार जणांना असते. मळावर सॅनिटायझर ओतलं तर मळ ओला होतो, बाकी काही नाही. आधी सोडियम परकार्बोनेट किंवा ब्रूइंगसाठी मिळणारी अल्कधर्मी पावडर कोमट पाण्यात कालवून सामान अर्धा तास भिजवा, मऊ फडक्याने पुसा आणि नीट खळखळून धुवा. काथ्या किंवा तारेची घासणी प्लास्टिकला लावायची नाही, नाहीतर टप्पा १ मधले ओरखडे तुम्हीच पाडाल.

निर्जंतुक करायला फॉस्फोरिक आम्लाचं, न धुता वापरायचं सॅनिटायझर सर्वांत सोयीचं. पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा, पृष्ठभाग दोन मिनिटं ओला राहू द्या आणि निथळू द्या. उरलेल्या फेसाला घाबरू नका. फेस धुवायला नळाचं पाणी घातलंत तर सगळी मेहनत वाया. थोडं द्रावण फवारणीच्या बाटलीत भरून हाताशी ठेवा, दिवसभर लागेल.

इशारा : ब्लीच वापरत असाल तर आम्लयुक्त सॅनिटायझर त्याच्या आसपासही येऊ देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरिन वायू सुटतो. ब्लीच स्टीलच्या भांड्यालाही खातं. माझं स्पष्ट मत, ब्रूइंगमध्ये ब्लीच नकोच.

उकळीआधी वापरायच्या वस्तू नुसत्या स्वच्छ असल्या तरी चालतात. वर्ट थंड झाल्यावर त्याला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं: फर्मेंटर, झाकण, एअरलॉक, नळ, कात्री, यीस्टचं पाकीट आणि तुमचे हात.

## टप्पा ५ : मॅश

पिशवीची पद्धत एकाच पातेल्यात होते, म्हणून तीच घेतो. पातेलं किमान ४० लिटरचं हवं.

1. २९ लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवा. माल्ट खोलीच्या तापमानाला असेल तर मिसळल्यावर ते ६६-६७ अंशांवर उतरतं.
2. पातेल्याच्या तळाशी जाळी ठेवून पिशवी लावा. आच चालू असताना कापड तळाला चिकटलं की जळतं.
3. दळलेलं माल्ट पिशवीत थोडं थोडं सोडत एकसारखं ढवळा. गुठळ्या फोडा. गुठळीच्या आतलं पीठ कोरडं राहतं आणि तेवढी साखर कायमची हातची जाते.
4. पातेल्याच्या मध्ये, कडेला आणि तळाशी असं तीन ठिकाणी तापमान घ्या. एकाच जागी घेतलेल्या मापावर जाऊ नका.
5. झाकण लावून, जाड पांघरूण गुंडाळून ६० मिनिटं ठेवा. दोन अंश उतरलं तर फार बिघडत नाही, पाच उतरलं तर पांघरूण काढून मंद आचेवर ढवळत वर आणा. पांघरूण तसंच ठेवून आच लावू नका.
6. पिशवी उचला, निथळू द्या आणि पिळा. पिळल्याने तुरटपणा येतो असं आपण पूर्वी ऐकायचो. तुरटपणा येतो तो पीएच चढल्याने आणि खूप गरम पाण्याने धुतल्याने, पिळण्याने नाही.

पीएच मीटर असेल तर दहाव्या मिनिटाला नमुना काढून खोलीच्या तापमानावर आणून मोजा, ५.२ ते ५.४ हवा. मीटर नसेल तर इतक्या फिक्या माल्टला या बॅचपुरतं सोडून द्या.

*तपासा :* पातेल्यात सुमारे साडेपंचवीस लिटर, ग्रॅव्हिटी १.०४३ च्या आसपास. नमुना थंड करूनच मोजा. ४० अंशांचं वर्ट हायड्रोमीटरवर सुमारे ०.००६ ने कमी दिसतं, आणि त्या खोट्या आकड्याला घाबरून लोक साखर ओततात. खरंच कमी आली असेल तर २०० ग्रॅम कोरड्या माल्ट एक्सट्रॅक्टने ३ पॉइंट (०.००३) वर येईल.

## टप्पा ६ : उकळी

झाकण न लावता ६० मिनिटं खळखळ उकळी. पहिली उकळी येताना फेस झपाट्याने चढतो, तेव्हा पातेल्यासमोरून हलू नका. आच कमी करा, फवारणीच्या बाटलीतून पाणी मारा. हा फेस बसल्यावरच मॅग्नम टाका. आधी टाकलेत तर अर्धे हॉप्स पातेल्याच्या कडांना चिकटतील किंवा शेगडीवर पडतील.

१५ मिनिटं उरली की तांब्याची किंवा स्टीलची थंड करायची कॉइल पातेल्यात सोडा, म्हणजे ती उकळीतच निर्जंतुक होते. त्याच वेळी आयरिश मॉस किंवा कॅराजीननची गोळी टाका. १० मिनिटं उरली की कॅस्केडचा पहिला हिस्सा.

आच बंद. कॉइलमधून पाणी सोडून ८० अंशांवर आणा, पाणी थांबवा, कॅस्केडचा दुसरा हिस्सा टाका आणि २० मिनिटं अधूनमधून हलक्या हाताने ढवळा. उकळत्या वर्टात टाकलेत तर सुगंधी तेलं वाफेबरोबर उडतात आणि कडूपणा वाढतो. ८० अंशांचा आग्रह एवढ्यासाठीच.

## टप्पा ७ : थंड करा, यीस्ट घाला

१८ अंशांपर्यंत शक्य तितक्या लवकर या. ६० अंशांच्या खाली आलं की वर्टाला जंतूंची भीती सुरू होते, म्हणून त्यापुढे पातेलं झाकून ठेवा आणि त्यावर वाकून बोलू नका. कॉइलचं पाणी पुरेसं थंड नसेल तर २५ अंशांवर फर्मेंटरमध्ये भरा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून काही तासांनी यीस्ट घाला. स्वच्छता चोख असेल तर हा उशीर परवडतो. गरम वर्टात यीस्ट टाकण्याची चूक मात्र शेवटपर्यंत चवीत राहते.

तळाचा दोन लिटर गाळ पातेल्यातच सोडा. ग्रॅव्हिटी मोजा, लिहा. तपासलेला नमुना पुन्हा आत ओतू नका, चाखा आणि फेका.

कोरडं यीस्ट वर्टावर सरळ भुरभुरा. पूर्वी ते आधी कोमट पाण्यात भिजवायचा नियम होता. आता बरेच उत्पादक थेट टाकायला सांगतात, पाकिटावर लिहिलेलं वाचा. कोरड्या यीस्टला पहिल्या वापरात वर्ट घुसळून हवा द्यायचीही फारशी गरज नसते. द्रव यीस्ट असेल तर मात्र घुसळा. हवा चालते ती फक्त या एका क्षणी, यापुढे प्रत्येक टप्प्यावर तीच शत्रू.

## टप्पा ८ : तापमान सांभाळा

आंबवण सुरू झाली की वर्ट स्वतः उष्णता सोडतं. खोली २२ अंशांची असेल तर आत २५-२६ होऊ शकतं, आणि २६ अंशांवर पहिले तीन दिवस गेले तर बिअरला नेलपॉलिशसारखा आणि घसा जाळणारा दर्प येतो. म्हणून थर्मामीटर भिंतीवर न लावता फर्मेंटरच्या अंगाला पट्टीने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा.

पहिले चार दिवस १८ ते १९ अंश. तापमान नियंत्रक लावलेला जुना फ्रिज उत्तम. तो नसेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. कटकटीचं आहे, पण जमतं. याही बाबतीत पहिले तीन दिवस महत्त्वाचे, नंतर ढिलाई चालते.

एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी सॅनिटायझर भरा. फर्मेंटरमध्ये पाच-सात लिटर जागा मोकळी नसेल तर एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं टोक सॅनिटायझरच्या बाटलीत बुडवा, नाहीतर फेस एअरलॉक चोंदवून झाकण उडवू शकतो.

इशारा : एअरलॉकच्या बुडबुड्यांवरून काहीही ठरवू नका. झाकण सैल असेल तर जोरदार आंबवणही निमूट चालते, आणि संपलेली बिअर नुसती तापली तरी बुडबुडे सोडते. २४ तासांत हालचाल दिसली नाही तर आधी वर फेस आहे का, ते बाहेरून बघा. दर तासाला झाकण उघडून पाहिल्याने फक्त जंतूंची सोय होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी तापमान २०-२१ अंशांवर जाऊ द्या. शेवटच्या टप्प्यात यीस्ट लोण्यासारख्या वासाचं डायअ‍ॅसिटिल परत शोषून घेतं, त्यासाठी त्याला ऊब हवी असते.

## टप्पा ९ : ड्राय हॉप, आणि हॉप्सनंतरची आंबवण

बिअर दुसऱ्या फर्मेंटरमध्ये काढून घ्यायची जुनी सवय सोडा. खंडानंतर परतणाऱ्यांची सगळ्यात चिवट सवय हीच आहे. एवढ्या दिवसांत यीस्टवर बसून राहिल्याने पेल एल बिघडत नाही, उपसताना शिरलेल्या हवेने बिघडते.

ग्रॅव्हिटी १.०१५ च्या आसपास आली, म्हणजे शेवटाला तीन-चार पॉइंट उरले, की हॉप्स टाका. यीस्ट अजून जागं असतं आणि हॉप्सबरोबर शिरलेला ऑक्सिजन तेच फस्त करतं. झाकण जेमतेम फटीइतकं उघडा, गोळ्या आत सोडा, बंद करा. ढवळायचं नाही. तीन दिवस पुरे. दहा दिवस ठेवलेत तर वास वाढत नाही, गवताळ तुरटपणा वाढतो.

आता खरी मेख. हॉप्समध्ये स्वतःची विकरं असतात. यीस्टने न पचवलेल्या साखरा ती फोडतात आणि थांबलेली आंबवण पुन्हा हलते. ड्राय हॉपच्या आधी दोनदा मोजून "संपली" ठरवलेली बिअर बाटलीत भरली की ही उरलेली आंबवण बाटलीत होते, आणि बाटल्या फुटतात. म्हणून शेवटची दोन मापं ड्राय हॉपनंतर, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घ्या. दोन्ही तंतोतंत सारखी हवीत. रिफ्रॅक्टोमीटरवर मोजत असाल तर मद्यार्कामुळे तो चढा आकडा दाखवतो. शेवटची ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरनेच घ्या.

*तपासा :* दोन छोटे ग्लास नमुना घ्या. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग थंड करा. दोन्हींचा वास घ्या. गरम केलेल्यात लोण्याचा वास आला तर अजून तीन दिवस २१ अंशांवर थांबा, मग पुन्हा हीच चाचणी. ग्रॅव्हिटी १.०१६ च्या वर अडकली असेल तर फर्मेंटर थोडा उबेत ठेवा आणि गोल हलवून तळाचं यीस्ट उठवा. अडकलेली बिअर कुठल्याही सबबीवर बाटलीत भरू नका.

शक्य असेल तर भरण्याआधी दोन दिवस ३-४ अंशांवर ठेवा, गाळ बसतो. पण थंड होताना फर्मेंटर एअरलॉकमधून बाहेरची हवा आणि सॅनिटायझर आत ओढतो. आंबवण जोरात असताना एअरलॉकच्या तोंडाला लावून कार्बन डायऑक्साइडने भरलेली पिशवी पुन्हा जोडता आली तर ठीक. ती सोय नसेल तर थंड करू नका. किंचित गढूळ बिअर ताजी असते, ते बरं.

## टप्पा १० : बाटल्या भरणं

तपकिरी काचेच्याच बाटल्या घ्या. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्सचा वास कुजकट होतो. बाटल्या दाब सहन करणाऱ्या, म्हणजे मुळात बिअरच्याच हव्यात. तोंडाला टवका उडालेली बाटली बाजूला काढा.

साखरेचं गणित: १८ लिटर बिअर हाती लागेल असं धरा. सुमारे २.४ व्हॉल्यूम कार्बोनेशनसाठी (लिटरभर बिअरमध्ये २.४ लिटर वायू विरघळलेला) लिटरमागे ६ ग्रॅम साधी साखर, म्हणजे १०८ ग्रॅम. साखरेचं हे गणित करणारा कॅल्क्युलेटर बिअरचं तापमान विचारतो, तिथे सगळे फसतात. आंबवण संपल्यावर बिअर ज्या सर्वाधिक तापमानाला होती तोच आकडा द्यायचा, म्हणजे २१, फ्रिजमधले ३ नव्हे. ३ टाकलंत तर साखर जवळपास निम्मी सांगितली जाईल आणि बिअर मिळमिळीत होईल.

1. साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून झाकून थंड करा आणि भरायच्या बादलीच्या तळाशी ओता.
2. नळी बादलीच्या तळाशी गोल वळवून ठेवा. बिअर फिरत चढली पाहिजे, धबधब्यासारखी पडता कामा नये. सायफन तोंडाने ओढू नका.
3. अर्ध्यावर आल्यावर निर्जंतुक चमच्याने दोन-तीनदा संथ ढवळा. साखर तळाशी राहिली तर काही बाटल्या सपक आणि काही बॉम्ब.
4. भरायची कांडी बाटलीच्या तळाला टेकवून भरा. कांडी काढल्यावर उरते तेवढीच मोकळी जागा, दोन-अडीच सेंटीमीटर.
5. झाकण लगेच लावा. सगळ्या भरून मग झाकणं, हे नको. तेवढ्या पंधरा मिनिटांत बिअर हवा पिते.

एक बाटली काचेऐवजी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. ती दाबून पाहिली की आत दाब किती चढला, हे काहीही न उघडता कळतं.

बाटल्यांऐवजी केग (दाब सहन करणारं बिअरचं पिंप) वापरत असाल तर तो आधी सॅनिटायझरने काठोकाठ भरा आणि कार्बन डायऑक्साइडने ढकलून रिकामा करा. रिकाम्या केगमध्ये नुसता वायू सोडून "हवा गेली" असं धरणं पुरेसं नाही.

## टप्पा ११ : पहिली बाटली आणि तिच्यातून येणारी उत्तरं

२० अंशांच्या आसपास, अंधारात, बंद खोक्यात दोन आठवडे. प्लास्टिकची बाटली दगडासारखी कडक झाली की एक काचेची बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडा. एका दिवसात फ्रिजमधून काढलेली बाटली फेसाळते आणि उगाच काळजी लावते.

नीट जमली असेल तर सगळ्या बाटल्या थंडीत हलवा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. पेल एल मुरवायची नसते.

पुठ्ठ्याची चव आणि गडद रंग असेल तर टप्पा ९ आणि १० मध्ये हवा गेली. चिकटपट्टीचा वास असेल तर पाणी किंवा ब्लीच. हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा घाईचा, आणखी एक आठवडा उबेत ठेवून पाहा. लोणी असेल तर तेच, पण आंबट चव सोबत असेल तर जंतू, आणि मग नळीचा आणि नळाचा विचार करा. घसा जाळत असेल तर पहिल्या तीन दिवसांचं तापमान वहीत काय लिहिलंय ते बघा. वहीत काहीच लिहिलं नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

बाटली उघडताच बिअर कारंज्यासारखी उडाली तर उरलेल्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये टाका. हाताळताना चष्मा आणि जाड हातमोजे घाला, बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून न्या. पूर्ण थंड झाल्यावर एकेकीचं झाकण किंचित उचलून वायू सोडा आणि पुन्हा बसवा. खोलीच्या तापमानाला ठेवलेली एकही बाटली उघडायला घेऊ नका.